दोन बँड, एक पॅच : प्रस्तावना

मायक्रोस्ट्रिप अँटेनाइतका स्वस्तात हाताशी येणारा विषय इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल. दोन्ही अंगांना तांबं चढवलेला १.६ मिलिमीटर जाडीचा एफआर-फोर बोर्ड, फेरिक क्लोराइडची पुडी, एक एसएमए कनेक्टर आणि सोल्डरिंग गन एवढ्यावर काम भागतं. छत्रपती संभाजीनगरातल्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, तंत्रनिकेतनही याच भागात आहे. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा हंगाम आला की इथली पोरं काय करतात ते वेगळं सांगायला नको. चौकोन काढायचा, त्यात एक खाच पाडायची, सिम्युलेशन लावून झोपायचं. सकाळी एस-वन-वनच्या आलेखात दोन खोल डिप दिसले की रिपोर्टचं शीर्षक तयार असतं : ‘ड्युअल बँड मायक्रोस्ट्रिप अँटेना फॉर वायरलेस कम्युनिकेशन’.

पुढची पानं त्या सकाळनंतरच्या कामासाठी आहेत. दोन डिप तर मिळाले; पण अँटेना मिळाला का, हे कसं ओळखायचं? या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याचं मनापासून स्वागत करताना हाच प्रश्न त्याच्या हाती द्यावा असं मला वाटतं. एस-वन-वन एवढंच सांगतो की केबलमधून गेलेली शक्ती परत आली नाही. उणे १० डेसिबल म्हणजे दहा टक्के परतली, नव्वद टक्के पुढे गेली. ती हवेत गेली की बोर्डातच उष्णता होऊन विरली, आणि हवेत गेली असेल तर कुठल्या दिशेनं, याबद्दल आलेख गप्प असतो. केबलच्या टोकाला ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावा. त्याचा एस-वन-वन कुठल्याही अँटेनाला लाजवील आणि तो सर्व बँडमध्ये चालेल.

थोडी वंशावळ. ग्राउंड प्लेन, त्यावर परावैद्युत पदार्थाचा पातळ थर आणि त्यावर तांब्याचा तुकडा, अशा मांडणीतून प्रारण होऊ शकतं ही कल्पना देशाँ यांनी १९५३ मध्ये मांडली. ती वीसेक वर्षं तशीच पडून होती. चांगले सब्सट्रेट आणि छापील सर्किटचं तंत्र आल्यावर सत्तरच्या दशकात मन्सन आणि हॉवेल यांनी प्रत्यक्षात चालणारे पॅच दाखवले; रॉकेट आणि क्षेपणास्त्रांच्या अंगाला चिकटून बसणारा, बाहेर न डोकावणारा अँटेना त्या काळाला हवाच होता. १९७९ मध्ये लो, सॉलोमन आणि रिचर्ड्स यांनी पॅचखालची जागा ही पातळ पोकळी मानून तिचं गणित मांडलं. आजही पॅच समजून घ्यायचा असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे पोकळीचं गणित करावं. आपल्याकडे या विषयाची मोठी शाळा पवईला झाली. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि त्याच आवारातल्या ‘समीर’ या संस्थेतले के. पी. रे यांचं ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर वापरलं गेलं. त्यात ड्युअल बँडवरही विवेचन आहे. इंग्रजीत असलं तरी ते हाताशी ठेवावं.

आता एक पॅच मांडून बघू. २.४ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर, तिची निम्मी सव्वासहा. बोर्डात लहर मंदावते म्हणून पॅच याहून आखूड पुरतो. परावैद्युतांक ४.४ आणि जाडी १.६ मिलिमीटर धरली तर रुंदी ३८ मिलिमीटर आणि लांबी सुमारे २९.४ मिलिमीटर येते. कडांशी विद्युतक्षेत्र थोडं बाहेर फुगतं, त्यामुळे विजेच्या हिशेबात पॅच मोजपट्टीपेक्षा दीड मिलिमीटरनं लांब भरतो. प्रारण होतं ते या फुगलेल्या कडांतून. तांब्याच्या मधल्या भागाकडे बघत बसणारा विद्यार्थी नेमकी चुकीची जागा बघत असतो.

फीड, म्हणजे केबलचं टोक, पॅचला कुठे जोडायचा? जात्याचा खुंटा मध्याजवळ ठोकला तर जोर फार लागतो आणि हात थोडा फिरतो. काठाशी ठोकला तर जोर कमी, पण हात लांब फिरवावा लागतो. पॅचचंही तसंच : मध्यावर प्रवाह भरपूर आणि व्होल्टेज शून्याशी, काठावर व्होल्टेज भरपूर आणि प्रवाह नगण्य. म्हणून मध्यावर इम्पिडन्स शून्य, काठावर दोन-तीनशे ओहम, आणि आपल्या केबलला हवे असलेले ५० ओहम मधे कुठेतरी. एका बँडसाठी ही जागा शोधणं सोपं. दोन बँड आले की दोन्ही वारंवारितांना एकाच ठिकाणी ५० ओहम मिळायला हवेत. ड्युअल बँडमधली निम्मी खटपट इथेच खर्च होते.

दुसरा बँड मिळवणं मात्र अजिबात अवघड नाही. तो पॅचमध्ये आधीपासून असतोच. लांबीच्या दिशेनं अर्धी लहर बसली की टीएम-१० हा मूळ मोड, पूर्ण लहर बसली की टीएम-२०, दीड लहर बसली की टीएम-३०. २.४ ला चालणारा पॅच म्हणून ४.८ च्या आसपासही अनुनाद दाखवतो आणि एखादी खाच पाडून आणि पॅच थोडा आखूड करून तो ५.२ पर्यंत नेता येतो. आलेखात दोन डिप, दोन्ही वाय-फायच्या जागी. नवशिक्याचा पाय इथेच घसरतो. टीएम-१० मध्ये दोन्ही टोकांच्या कडा एकाच कलेत प्रारण करतात, त्यामुळे समोरच्या दिशेनं, म्हणजे पॅचला लंब दिशेनं, दोन्ही लहरींची बेरीज होते. टीएम-२० मध्ये त्याच कडा विरुद्ध कलेत येतात आणि समोरच्या दिशेनं वजाबाकी होऊन शून्य उरतं. थोडक्यात, एका बँडला समोर बघणारा आणि दुसऱ्या बँडला समोरच आंधळा असा अँटेना तयार होतो. आलेखात मात्र दोन्ही डिप सारखेच दिसतात.

टीएम-३० समोर प्रारण करतो, पण बाजूंना मोठे पाकळ्यांसारखे भाग काढतो आणि वारंवारितांचं गुणोत्तर तीनच्या जवळ असतं, ते बहुधा कुणालाच नको असतं. १९९५ मध्ये इटलीतल्या माची आणि सहकाऱ्यांनी यावर सुरेख उपाय दाखवला. प्रारण करणाऱ्या दोन्ही कडांलगत, कडांना समांतर अशा दोन अरुंद खाचा कोरायच्या. तिथे मूळ मोडचा प्रवाह मुळातच क्षीण असतो, त्यामुळे त्याला खाचांचा फारसा त्रास होत नाही. टीएम-३० चा प्रवाह मात्र त्यांना वळसा घालून जातो, त्याची वारंवारिता खाली येते, गुणोत्तर दोनच्या आत येतं आणि पॅटर्नही मूळ मोडसारखा होतो. प्रवाह कुठे आहे हे ओळखून टाकलेली खाच ती ही. तिसरा जुना मार्ग म्हणजे लांबीचा एक आणि रुंदीचा एक असे दोन मोड वापरणं. फीड कर्णावर घेतला की झालं. त्यात दोन बँडचं ध्रुवीकरण एकमेकांशी ९० अंशांत येतं. काही ठिकाणी ते चालतं, काही ठिकाणी सगळा खेळ मोडतं.

या विषयावरच्या लेखनात यू, ई, एच, एस, झेड अशा आकारांचे पॅच शेकड्यांनी सापडतील. ह्युन्ह आणि ली यांचा १९९५ चा यू-खाचेचा पॅच त्यांत खरा मोलाचा, कारण ती खाच का चालते हे नंतर नीट समजावून सांगितलं गेलं. बाकीच्यांत आकार आधी आणि कारण मागाहून. देवनागरीतला ‘ळ’ अजून कुणी कापलेला माझ्या पाहण्यात नाही. कापला तर दोन काय, तीन डिप देईल अशी मला खात्री आहे. त्यानं काही सिद्ध होणार नाही.

मग दोन बँड हवेत कशाला? माझ्या मते डिझाइनचा पहिला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर बदललं की खालचं सगळं बदलतं. घरातल्या वाय-फायचं उत्तर साधं आहे. २.४ गिगाहर्ट्झचा बँड आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तिथे गर्दी झाली, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा बराच मोठा भाग खुला झाला. राउटर सोयीप्रमाणे हा किंवा तो वापरतो. दोन्ही बँडमध्ये अँटेनानं एकसारखं वागायला हवं अशी सक्ती नाही. पण २.४ ते २.४८३५ हा बँड ३.४ टक्के रुंद आहे, आणि ५.१५ ते ५.८७५ सलग हवा असेल तर जवळपास १३ टक्के. पातळ एफआर-फोरवरचा साधा पॅच दोन-तीन टक्क्यांवर थकतो. शिवाय राउटरला चारी दिशांना आडवं प्रारण हवं असतं, पॅच मात्र एका बाजूलाच बघतो. घरगुती राउटरसाठी पॅच सुचवणारे रिपोर्ट बघितले की वाटतं, हे कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या कामाला छापील मोनोपोल बरा. भिंतीवर लावून एका अंगणाकडे किंवा एका वर्गाकडे रोखायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पॅचला खऱ्या अर्थानं शोभणारं ड्युअल बँड काम डोक्यावर आहे. ‘नाविक’ या आपल्या उपग्रह-मार्गदर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. तिचे मूळ दोन संदेश ११७६.४५ मेगाहर्ट्झ (एल-५) आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ (एस) या वारंवारितांवर येतात. इथे दोन बँड एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेले नाहीत, दोन्ही एकाच वेळी ऐकायचे आहेत. कारण आकाशात आहे. वर आयनांबरात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि संदेश त्यांतून येताना रेंगाळतो, तो वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. प्रत्येक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात ५ × १०^१७ इलेक्ट्रॉन धरले, तर एल-५ वरच्या संदेशाला साडेचौदा मीटरचा उशीर होतो आणि एस वरच्या संदेशाला सव्वातीन मीटरचा. एकाच वारंवारितेवर ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याची जागा तेवढी चुकते. दोन्ही ऐकणारा फरक मोजतो, इलेक्ट्रॉनांची संख्या काढतो आणि उशीर वजा करतो. विषुववृत्ताजवळच्या आयनांबराची उलथापालथ भारतावर जास्त असते, त्यामुळे आपल्यासाठी हा हिशेब चैनीचा नाही.

आता हे उत्तर डिझाइनवर काय लादतं ते बघा. दोन्ही संदेश एकाच बिंदूवर मोजले जायला हवेत, म्हणजे दोन्ही बँडचं केंद्र एकावर एक हवं. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन पॅच इथे चालत नाहीत. ध्रुवीकरण वर्तुळाकार हवं, कारण तेच मोकळे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात रेषीय ध्रुवीकरणाला फिरवून टाकतात. म्हणजे कर्णावर फीड देऊन दोन बाजूंचे दोन मोड वापरण्याची वर सांगितलेली युक्ती बाद. पॅटर्न वर, आकाशाकडे हवा. छत्रपती संभाजीनगरातून ८३ अंश पूर्व रेखांशावरचं भूस्थिर स्थान क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंचीवर दिसतं आणि ३२.५ अंश पूर्वेचं सुमारे ३७ अंशांवर. टीएम-२० वापरणाऱ्याचं शून्य नेमकं डोक्यावर, म्हणून तोही बाद. राहतात एकावर एक रचलेले दोन पॅच. खाली एफआर-फोरवर सुमारे सहा सेंटीमीटर बाजूचा एल-५ चा, वर तीन सेंटीमीटरपेक्षा थोडा लहान एस चा. खालचा पॅच वरच्याला ग्राउंड प्लेनचं काम देतो. वरच्याची फीडपिन खालच्यातून न टेकता न्यावी लागते आणि ती दोघांनाही थोडं बिघडवते. किती, ते गणितानं सांगता येतं.

आणि पॅचचा जन्मजात दोष, म्हणजे अरुंद बँडविड्थ, इथे आड येत नाही. एल-५ ला २४ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन टक्के. एस ला १६.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. एस चा बँड २४८३.५ वर सुरू होतो, म्हणजे जिथे वाय-फायचा संपतो त्याच रेषेवर. मोबाइलमध्ये नाविकचा अँटेना वाय-फायच्या कुशीत बसवणाऱ्या अभियंत्याला रात्री झोप कशी लागत असेल, कोण जाणे. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून १५७५.४२ मेगाहर्ट्झचा एल-१ हा तिसरा संदेशही आला आहे. दोन बँडचं गणित ज्याला आलं त्याला तीनचं भय वाटू नये.

मोकळ्या इलेक्ट्रॉनांशीच गाठ पडणारा एक फार मोठा ड्युअल बँड अँटेना महाराष्ट्रातही उभा राहिला, तो जुन्नर तालुक्यात खोडदला. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं बांधलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिच्या जुन्या फीडपैकी एकात ६१० आणि २३५ मेगाहर्ट्झचे समाक्ष तरंगमार्गक एकात एक बसवलेले होते. मायक्रोस्ट्रिपशी त्याचा संबंध नाही, पण प्रश्न तोच. एकाच तबकडीनं, एकाच केंद्रातून, एकाच वेळी दोन वारंवारिता ऐकायच्या. पल्सारचा, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदणाऱ्या ताऱ्याचा, ठोका ताऱ्यांमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांतून येताना खालच्या वारंवारितेवर मागे पडतो, पुन्हा वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. नाविकच्या हिशेबात हा उशीर मीटरांत येतो, मध्यम अंतरावरच्या पल्सारच्या बाबतीत २३५ आणि ६१० मधला फरक काही सेकंदांचा असतो. तीन सेंटीमीटरच्या पॅचचा आणि ४५ मीटरच्या तबकडीचा प्रश्न एकाच सूत्रात बसतो, हे मला या विषयातलं सर्वांत आवडतं सत्य आहे.

आता जमिनीवर येऊ, कारण आपला बोर्ड एफआर-फोरचा आहे. एफआर-फोर हे एका दर्जाचं नाव आहे, त्याचा परावैद्युतांक काही निसर्गानं ठरवून दिलेला नाही. काचेचं कापड किती, राळ किती, यावर तो बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये ४.४ भरला आणि हातातला बोर्ड ४.६ चा निघाला, तर अनुनाद दोन टक्क्यांहून जास्त खाली सरकतो. एस बँडला हे सुमारे ५० मेगाहर्ट्झ झाले, म्हणजे १६.५ मेगाहर्ट्झच्या बँडच्या तिप्पट. पॅच उत्तम चालेल, फक्त वाय-फायवर. वर एफआर-फोर या वारंवारितांना बरीच शक्ती खातोही, आणि गंमत म्हणजे जेवढी शक्ती खातो तेवढा डिप रुंद दिसतो. रिपोर्टमध्ये ‘वाढलेली बँडविड्थ’ म्हणून मिरवणारी गोष्ट कित्येकदा ही उष्णता असते.

परावैद्युतांक मोजण्याची विद्या याच शहरात जुनी आहे. इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. एस. सी. मेहरोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री हे तंत्र द्रवांसाठी रुजवलं. केबलमधून झटक्यासरशी चढणारं व्होल्टेज पाठवायचं, टोकाच्या द्रवावरून परतलेला आकार टिपायचा आणि त्यातून काही मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंतचा परावैद्युतांक काढायचा. पाणी आणि अल्कोहोलांची मिश्रणं अशी किती तरी मोजली गेली. अँटेनावाल्यांनी हे काम रसायनवाल्यांचं म्हणून बाजूला ठेवू नये. पाण्याचा परावैद्युतांक खोलीच्या तापमानाला ७८ च्या आसपास असतो. गच्चीवर उघड्या ठेवलेल्या पॅचवर पावसाचा पातळ थर साचला की अनुनाद कुठे जातो, हे त्या आकड्यावरूनच कळेल.

पॅटर्न आणि गेन मोजायला प्रतिध्वनिरहित (अ‍ॅनेकोइक) कक्षच हवा असं समजून पुष्कळ जण मोजायचंच टाळतात. कॉलेजची गच्ची पुरते. सारखेच दोन अँटेना करा, दोन मीटरवर समोरासमोर उंच लाकडी काठ्यांवर बसवा आणि व्हीएनएवर (व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझरवर) एस-टू-वन, म्हणजे एका अँटेनातून दुसऱ्यात पोचलेली शक्ती, बघा. दोन मीटरवर २.४ गिगाहर्ट्झला मोकळ्या जागेतला क्षय सुमारे ४६ डेसिबल असतो, ५.८ ला सुमारे ५४. मोजलेला आकडा आणि हा क्षय यांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे एका अँटेनाचा गेन. गच्चीचा स्लॅब लहर परतवतो, म्हणून उंची बदलून दोन-तीनदा मोजा. उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत २.४ वर आसपासच्या वसतिगृहांचे आणि दुकानांचे राउटर गोंगाट करतात, त्यामुळे व्हीएनएचा फिल्टर अरुंद ठेवा आणि सरासरी घ्या. मग एक अँटेना काठीभोवती दहा-दहा अंशांनी फिरवा. टीएम-२० ची फसवणूक पहिल्याच फेरीत उघडी पडते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम यावरूनच ठरवला आहे. आधी एका मोडचा पॅच, मग सब्सट्रेट, मग मोड ओळखणं, आणि दोन बँड त्यानंतर. खाचा, शॉर्टिंग पिन, रचलेले पॅच यांची प्रकरणं एकमेकांवर अवलंबून नाहीत. ज्याला जे हवं त्यानं ते आधी वाचावं. फक्त दुसरं प्रकरण ओलांडून कुणी पुढे जाऊ नये, आणि ते वाचण्याआधी एक काम उरकावं. हातातल्या बोर्डातून ३८ बाय २९.४ मिलिमीटरचा साधा पॅच करा, एकही खाच न पाडता. व्हीएनएवर डिप २४०० ऐवजी २३५० मेगाहर्ट्झला आला, तर २४०० भागिले २३५० याचा वर्ग करून ४.४ ला गुणा; तुमचा बोर्ड ४.६ च्या जवळचा आहे. त्या बोर्डाच्या उरलेल्या प्रत्येक तुकड्यावर मार्करनं तो आकडा लिहून ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच भरा.